फुटलं कुठं, दिसलं कुठं

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी आमच्या गल्लीत पाणी वर आलं. सिमेंटच्या रस्त्याला दोन स्लॅबांच्या मधे डांबर भरलेली जी फट असते ना, तिच्यातून. सकाळी नळ आले की फट ओली, नळ गेले की तासाभरात वाळून पांढरी. नागपूरच्या प्रतापनगरात उन्हाळ्यात ओली फट ही बातमी असते. शेजारच्या काकूंनी तिच्याभोवती खडूनं गोल काढला, एका कुत्र्यानं तिथं मुक्काम ठोकला आणि माझ्या बाबांनी ती सरळ दत्तक घेतली.

बाबा ८४ वर्षांचे आहेत. ३३ वर्षं पोस्टमन होते, सायकलवर. त्यामुळे तक्रार करणं हा त्यांच्या दृष्टीनं वैताग नाही, कला आहे. तारीख, वेळ, तक्रार क्रमांक, फोन कोणी उचलला, काय बोलला, सगळं डायरीत. नवव्या दिवशी माणूस आला.

आला तो एकटाच. ब्रेकर नाही, जेसीबी नाही. साठीचा फिटर, डोक्याला पांढरा दुपट्टा आणि हातात खांद्याएवढी लोखंडी सळई. नळ यायच्या वेळेलाच आला. खडूच्या गोलाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. दोन घरं सोडून उभा राहिला, सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. मग चार पावलं पुढे. पुन्हा तेच. असं करत करत कडुनिंबाच्या झाडापर्यंत गेला आणि पायानं रेघ मारून म्हणाला, "इथं."

"काका, पाणी तर तिथं निघतंय," मी म्हटलं.

"निघून रायलं तिथं, ताई. फुटलं इथं. रस्त्याखाली पाणी आपल्या मनानं चालते."

मी हट्टानं सळई मागून घेतली. लोखंड अजून रात्रीचं गार होतं. आधी नुसती गरगर ऐकू आली, मग तिच्या आत एक बारीक सुरसुर. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी झाकणाशी होते तशी. जमिनीखाली तीन फुटांवर, मला न दिसणाऱ्या नळाला पडलेलं भोक कानानं ऐकणं हा प्रकार मी पहिल्यांदाच अनुभवत होते, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पाण्याची नाही, एक्सपीसी नावाच्या प्रथिनाची आठवण झाली.

हे ऐकून कोणालाही वाटेल, बाईला ऊन लागलं. पण त्याला कारण होतं. मार्चमधे बाबांच्या डाव्या कानाच्या पाळीवर एक काळसर, खरबरीत डाग दिसला होता. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं आणि "वयाचा डाग आहे, काळजी नको," म्हणून परत पाठवलं. तो डाग काही नव्हता. पण डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतचे सहा दिवस मी काही झोपले नाही. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला झोप येत नाही तेव्हा तो वाचत बसतो. मी अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए पेशी कसा दुरुस्त करते, ते वाचत बसले. डाग विसरले गेले, वाचन सुटलं नाही.

बाबांची मान एकदा जवळून बघण्यासारखी आहे. शर्टाची कॉलर जिथं टेकते तिथं पट्टीनं आखावी तशी रेघ. रेघेच्या वर रंग भाजलेल्या वांग्याच्या सालीचा, आणि साल तशीच सुरकुतलेली, चौकोनी चौकोनी चिरा पडलेली. रेघेच्या खाली पाठ गव्हाळ, गुळगुळीत, पन्नाशीतल्या माणसाची वाटावी अशी. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढी गोरी बांगडी. एकाच माणसाच्या अंगावर एक पोस्टमन आणि एक पोस्टमन न झालेला माणूस शेजारी शेजारी राहतात. वय दोघांचं एकच. फरक फक्त उन्हाचा.

आणि ऊन म्हणजे आपण समजतो ते ऊन नव्हे. नागपूरकराला उन्हाचं कौतुक पाऱ्यावरून असतं. ४५ झालं, ४६ झालं, नवतपा लागला. पण चटका देणारी उष्णता वेगळी आणि डीएनएला इजा करणारे अतिनील किरण वेगळे. ते किरण जाणवतच नाहीत. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो, सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायात जाते, तेव्हा त्यांचा मारा जबर असतो हे खरं. पण डिसेंबरात, स्वेटर घालून संत्री सोलत आपण ज्या गोड उन्हात बसतो, त्या दुपारीही सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून ४५ अंश वर असतोच. चटका नसतो म्हणून आपण टोपी घालत नाही, एवढंच.

या किरणांतले सर्वांत घातक ओझोनच्या थरात अडतात. २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातले थोडे खाली पोचतात आणि त्वचेच्या पेशीत शिरून एक विचित्र काम करतात. डीएनएच्या शिडीत प्रत्येक अक्षरानं समोरच्या अक्षराचा हात धरायचा असतो. पण एकाच बाजूला थायमिन नावाची दोन अक्षरं शेजारी शेजारी असली आणि नेमका किरण तिथं पडला, की ते एकमेकांनाच चिकटतात. याला लागणारा वेळ सेकंदाचा साधारण लाख कोटीवा भाग. सायटोसिन या दुसऱ्या अक्षराचंही असं होतं. चिकटण्याचे मुख्य प्रकार दोन. एकात शिडी चांगलीच वाकते. दुसऱ्यात ती जेमतेम पिळते, समोरच्यांचे हातही बरेचसे धरलेले राहतात. हा दुसरा, सभ्य दिसणारा प्रकारच संख्येनं जास्त, आणि त्वचेच्या कर्करोगात मोठा वाटाही त्याचाच.

आता दुरुस्ती. बारावीला मी ती फळ्यावर सात मिनिटांत उरकत असे. बिघाड ओळखा, दोन्ही बाजूंनी कापा, सुमारे तीस अक्षरांचा तुकडा फेकून द्या, समोरच्या धाग्यावरून पाहून नवा भरा, जोड लावा. चित्र कसं काढायचं, तर एक लांब, सरळ, मोकळी शिडी. नळ जणू उघड्या माळावर पडलेला आहे आणि फिटरनं फक्त पान्हा घेऊन वाकायचंय.

कडुनिंबाखालच्या त्या रेघेवर दुसऱ्या दिवशी ब्रेकर सुरू झाला, तेव्हा मला माझ्या सात मिनिटांची लाज वाटली. वरचं काँक्रीट आठ इंच. त्याखाली जुना डांबरी रस्ता. त्याखाली त्याच्याही आधीचा, मुरूम आणि दगडांचा. मधे कुठल्याशा केबलची पिवळी नळी, ती तोडायची नाही. अडीच दिवस ब्रेकर चालला. कपाटातल्या कपबशा नाचत होत्या. आणि नळ हाती लागल्यावर? फिटरनं तडा गेलेली जागा पुसली, लोखंडी क्लॅम्प बसवला, रबर दाबलं, नट आवळले. ४० मिनिटं. तीही मधे चहा धरून.

पेशीत नेमकं हेच आहे. एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर दोन मीटर भरतो, आणि तो राहतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात. म्हणून तो गुंडाळलेला असतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या आठ नगांची एक गुंडी, तिच्यावर १४७ अक्षरांएवढ्या डीएनएचे पावणेदोनच्या आसपास वेढे, मग थोडा मोकळा धागा, पुन्हा गुंडी. एका पेशीत अशा गुंड्या सुमारे तीन कोटी. त्यांच्या माळा पुन्हा एकमेकींवर दाबलेल्या, काही भाग सैल, काही भाग दिवाळीनंतर ट्रंकेत घातलेल्या रजयांसारखे गच्च. हे सगळं मिळून क्रोमॅटिन. हिस्टोनला घट्ट चिकटलेली धाग्याची जी बाजू आहे तिच्यापर्यंत दुरुस्तीच्या कात्र्या पोचतच नाहीत. किरण मात्र पोचतात. हा अन्याय मला फार मोठा वाटतो. बिघाड करणाऱ्याला रस्ता खोदावा लागत नाही.

१९९५ मधे प्रयोगशाळांनी ही दुरुस्ती करणारी शुद्ध प्रथिनं एका परीक्षानळीत एकत्र केली आणि मोकळ्या डीएनएवर ती काम करतात हे दाखवून दिलं. तोच डीएनए हिस्टोनवर गुंडाळून दिला की त्याच प्रथिनांचा वेग पार मंदावतो. कसब तेच, हत्यारं तीच. अडसर वरच्या काँक्रीटचा. या विषयाचे अभ्यासक मायकेल स्मर्डन यांनी या सगळ्याला तीन शब्दांत बांधलं होतं: आधी वाट, मग दुरुस्ती, मग पूर्ववत. आपण मधल्या शब्दाचं चित्र काढतो आणि मार्क देतो.

वाट काढायच्याही आधी बिघाड सापडायला हवा, आणि इथं तो सळईवाला फिटर येतो. एक्सपीसी हे प्रथिन बिघडलेल्या अक्षरांना हातच लावत नाही. ते चाचपतं समोरच्या धाग्यावरची, जोडीदार सुटल्यामुळे बावचळलेली चांगली अक्षरं. फुटलंय एकीकडे, ओल दुसरीकडे. यात फायदा असा की बिघाड कुठल्याही जातीचा असो, ओल ओळखता येते. तोटा असा की सभ्य दिसणारा तो दुसरा प्रकार, जो ओलच दाखवत नाही, तो एक्सपीसीच्या हातून निसटतो. त्याच्यासाठी डीडीबी-२ नावाचं आणखी तिखट कानाचं प्रथिन लागतं. ते चिकटलेली जोडी धाग्यातून उपसून आपल्या खळगीत घेतं, तिथला डीएनए वाकवतं आणि मग एक्सपीसीला जागा दाखवतं. ठळक वाकलेले बिघाड माणसाच्या पेशीत काही तासांतच बहुतेक निपटतात. सभ्य बिघाड दिवस उलटला तरी बरेच शिल्लक असतात.

मग गुंडीवर, आतल्या बाजूला दडलेला बिघाड? तो डीडीबी-२ ला कसा सापडतो? याचं एक उत्तर २०१९ मधे आलं, आणि ते वाचताना मी खरोखर खुर्चीवरून उठले. डीएनए गुंडीवर आवळलेला असला तरी अगदी दगडासारखा स्थिर नसतो, एक-दोन अक्षरांइतका घसरतो. डीडीबी-२ आणि त्याचा जोडीदार त्या घसरण्याचा फायदा घेतात. बिघाड क्षणभर बाहेरच्या बाजूला आला की धरतात आणि तिथंच अडवून ठेवतात. गुंडी फोडत नाहीत. पदर थोडा सरकवतात, बस. फोडाफोड नंतर, गरजेपुरती. हिस्टोनांवर रासायनिक खुणा चढतात, धागा सैल होतो, गुंड्या सरकवणारी यंत्रं येतात. टीएफआयआयएच नावाचा दहा प्रथिनांचा संच शिडी उसवतो आणि बिघाड खरंच आहे ना, याची स्वतः खात्री करतो. दोन कात्र्या दोन बाजूंना लागतात. पुढचं फळ्यावरचं.

एक जागा मात्र अशी की जिथं कान लावायची गरज नाही. जे जनुक वापरात आहे, ज्याच्यावरून आरएनए लिहिणारं यंत्र धावतंय, तिथं बिघाड आला की यंत्रच अडकतं आणि त्या अडकण्यानंच दुरुस्तीची माणसं बोलावली जातात. कामाचा धागा म्हणून आधी दुरुस्त होतो, नुसता पडून राहिलेला मागं राहतो. नागपूरकराला हे समजावावं लागत नाही. हिवाळी अधिवेशनाच्या आधी कोणते रस्ते चकचकीत होतात आणि कोणते नाहीत, ते आपण दर डिसेंबरला पाहतो. पेशीच्या बाजूनं एवढं म्हणते, तिथं माणूस कोण आहे ते पाहत नाहीत, काम अडलंय का ते पाहतात.

उलटाही प्रकार आहे. जनुक चालू करणारी प्रथिनं धाग्यावर जिथं ठिय्या मारून बसलेली असतात, तिथं दुरुस्तीवाल्यांना शिरता येत नाही. २०१६ मधे मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचे जनुकीय नकाशे तपासले, तेव्हा नेमक्या अशा जागांवर बिघाडांची गर्दी सापडली. आमच्याकडे ब्रेकरवाले आले त्या सकाळी रेघेवर एकांची कार उभी होती आणि मालक गावाला. अर्धा दिवस त्यात गेला. सांगायचं असं की अडथळा करणारा दर वेळी वाईट असतोच असं नाही. तो आपलं काम करत, किंवा न करत, जागा धरून असतो.

ही यंत्रणाच जन्मतः तुटलेली असेल तर काय होतं, ते त्वचेचे डॉक्टर मॉरित्झ कापोशी यांनी १८७४ मधेच लिहून ठेवलं होतं. अर्थात त्यांना डीएनएबद्दल काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. झेरोडर्मा पिगमेंटोसम: लहानपणीच चेहऱ्यावर हातांवर डागच डाग, कोरडी पातळ त्वचा, आणि विशीच्या आत कर्करोग. १९६८ मधे जेम्स क्लीव्हर यांनी दाखवलं की या मुलांच्या पेशींना अतिनील किरणांचा बिघाड दुरुस्त करता येत नाही. एक्सपीसी या नावातलं एक्सपी ते याच आजाराचं. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच आजार होतो, म्हणून जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथं तो जास्त दिसतो. आपल्याकडच्या मामे-आते लग्नांच्या चर्चेत हा मुद्दा कोणी काढत नाही. असो. उन्हाळ्यात सीताबर्डीच्या सिग्नलला उभं राहिलं की शंभरातल्या नव्वद मुली डोळ्यांपुरत्या फटीतून बघत असतात. चेहऱ्याला दुपट्टा, हातात कोपरापर्यंत मोजे. जूनमधे पहिली सर आली की त्या सगळ्या सुटतात. त्या मुलांचा दुपट्टा सुटत नाही. श्रावणातही नाही, पौषातही नाही.

गंमत म्हणजे सजीवांकडे याहून सोपा उपायही आहे. फोटोलायेज नावाचं विकर प्रकाशाचाच निळा किरण वापरून चिकटलेली जोडी जागच्या जागी सोडवतं. कापणं नाही, भरणं नाही. जिवाणूंत, झाडांत, बेडकांत, पक्ष्यांत, कांगारूंतसुद्धा ते आहे. आपल्या, म्हणजे नाळ असलेल्या सस्तन प्राण्यांच्या वाटचालीत ते कुठंतरी गळालं. याच विकरावर आणि या कापाकापीच्या दुरुस्तीवर आयुष्य घालवलेले अझीझ संजार २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. मे महिन्यात ओसाड दुपारी भिंतीवर बसलेली साळुंकी बघते, तेव्हा मला तिचा जरा हेवा वाटतो.

रस्ता खोदत होते ते अडीचही दिवस बाबा खड्ड्याच्या काठाशी उभे होते. मी टोपी घेऊन गेले.

"बाबा, सावलीत या. कानाचं विसरलात का?"

"अवं, ३३ वर्षं उन्हातच होतो. आता घंट्याभरानं काय होते?"

काय होते, ते मी सांगणार होते. त्याच २०१५ मधे असंही कळलं होतं, की रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींत ऊन सरल्यावरही तीन-तीन तास नवे बिघाड तयार होत राहतात, आणि त्यात त्या रंगद्रव्याचा, मेलॅनिनचाही, हात असतो. ढाल म्हणून जे आहे तेच अंधारात थोडं वार करतं. माणूस घरात येतो, पन्हं पितो, कूलरसमोर आडवा होतो, आणि मानेवर दुपार चालूच असते. पण ब्रेकरच्या आवाजात इतकं लांब वाक्य बोलता येत नाही. मी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. त्यांनी ती काढून फिटरला दिली. त्याच्याकडे दुपट्टा होता, त्यानं ती ब्रेकरवाल्या पोराला दिली. पोरानं घातली.

क्लॅम्प बसला, पाणी सुरू झालं, सुरसुर थांबली. मग त्यांनी खड्ड्यात माती लोटली, वर दोन दगड ठेवले आणि सामान गाडीत भरायला लागले.

"काका, रस्ता?"

"थो आमचा नाही, ताई. आमचं काम नळाचं. रस्त्यावाले येतील."

स्मर्डन यांचा तिसरा शब्द. पेशीत रस्त्यावाले वेगळे आहेत खरे, पण त्यांना नळवाल्याला बांधून घातलंय. कापलेल्या जागी नवा डीएनए विणताना धाग्याभोवती पीसीएनए नावाचं एक कडं बसतं. विणणारं प्रथिन त्याच कड्याला धरून चालतं आणि सीएएफ-१ नावाचा, नवे हिस्टोन आणून देणारा हमालही त्याच कड्याला येऊन लागतो. विणकाम झालं की तिथल्या तिथं गुंडी. खड्ड्यावर माती लोटून निघून जायची सोयच नाही. २००६ मधे पॅरिसच्या एका गटानं माणसाच्या पेशीत, अतिनील किरण मारलेल्या जागीच, नवे हिस्टोन येऊन बसताना दाखवले. पुढे दहा वर्षांनी, बाजूला सरकलेले जुने हिस्टोन दुरुस्ती झाल्यावर माघारी येतात, हेही दिसलं. ही माघार महत्त्वाची. कोणतं जनुक उघडं ठेवायचं, कोणतं मिटून, याच्या खुणा जुन्या हिस्टोनांवर असतात. नव्याच्या पाटीवर त्या खुणा नसतात. त्वचेच्या पेशीनं आपण त्वचा आहोत हे लक्षात ठेवायचं ते अशा परतलेल्या जुन्यांच्या भरवशावर.

आमचे रस्त्यावाले ऑगस्टात आले. तोवर दोन पावसांनी माती खाली बसली होती, एक स्कूटी घसरली होती आणि बाबांच्या डायरीची चार पानं भरली होती. त्यांनी ओतलेलं काँक्रीट जुन्यापेक्षा गडद आहे, बोटभर उंचही. सायकल तिथून गेली की घंटी आपोआप वाजते. बाबा पहाटे दूध आणायला जातात, परत येताना ती वाजली की मी गॅस पेटवते.

परवा अंथरुणात असताना घंटी वाजली, पण बाबा आत आले नाहीत. बाहेर जाऊन पाहिलं तर सायकल भिंतीला लावलेली, दुधाची पिशवी हँडलला, आणि म्हातारा गल्लीच्या मधोमध गुडघ्यांवर वाकलेला. गुढीची जुनी काठी गडद पॅचच्या कडेला टेकवलेली, तिचं दुसरं टोक डाव्या कानाला. त्या डागाच्याच कानाला.

"काही ऐकू येतंय?"

त्यांनी हातानंच मला थांब म्हटलं.